पावसाळा आणि स्पोर्ट्स कार: झाकून ठेवायची की चालवायची?

मृग जवळ आला की या सदराकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. यंदा त्यातली सहा पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : गेल्या दिवाळीत जुनी पोर्शे 911 घेतली. मेहुणे म्हणतात, जूनपासून दसऱ्यापर्यंत कव्हर काढूच नको, पावसाचं पाणी लागलं की गाडी संपली. वर्षातले चार महिने उभीच ठेवायची तर घेतली कशाला, असं मला वाटतं. खरं काय समजायचं? (ताराबाई पार्क)

चालवा. पावसाने ही गाडी बिघडत नाही. 911 चा सांगाडा 1976 च्या मॉडेलपासून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा येतो, आणि ती बनते त्या देशात बाराही महिने पाऊस पडतो. 1970 ची ल मानची 24 तासांची शर्यत धो धो पावसात झाली, ती पोर्शे 917 ने जिंकली. 2019 पासूनच्या 911 च्या ‘992’ पिढीत तर पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. चाकाने उडवलेलं पाणी आत आपटतं तो आवाज ओळखून गाडी ‘वेट मोड’, म्हणजे ओल्या रस्त्याची सेटिंग, लावायला सुचवते. तुमच्या गाडीत ते नसेल तर हे काम तुमच्या कानांनी करायचं. चाकाखालून एकसारखा ‘सर्रर्र’ आवाज येतोय तोवर टायर पाणी कापतोय. आवाज एकदम बसला आणि स्टिअरिंग हलकं लागलं, तर टायर पाण्यावर तरंगतोय. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचला.

खरं नुकसान होतं ते गाडी चार महिने उभी राहिल्याने. कोल्हापूरच्या जुलैतल्या दमट हवेत ब्रेक डिस्कवर गंज एका रात्रीत चढतो. तो वरवरचा असतो, चार ब्रेकमध्ये निघून जातो. पण गाडी दोन महिने हलली नाही तर पॅडखालच्या जागी गंज खोल खातो, तिथे डिस्कवर पॅडच्या आकाराचा डाग पडतो आणि मग ब्रेक दाबला की पेडल थरथरतं. चामड्याच्या सीटवर पांढरी बुरशी येते. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. अलार्म आणि चावीचा रिसीव्हर रोज थोडा करंट खात असल्याने बॅटरी उतरते. आणि पावसाने बिळातून बाहेर निघालेले उंदीर कोरडी ऊब शोधत इंजिनखोलीत शिरतात, वायरिंग कुरतडतात. यातलं एकही नुकसान आठवड्याला चालणाऱ्या गाडीचं सहसा होत नाही.

म्हणून दर आठ-दहा दिवसांनी, उघडीप मिळाली की अर्धा-पाऊण तास सलग चालवा. महामार्गाने कागलपर्यंत जाऊन परत आलात तरी पुरे. दारात दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं मात्र टाळा, ते न चालवण्यापेक्षा वाईट. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन पुरतं तापलं नाही तर त्यातलं काही सायलेन्सरमध्ये साचतं, काही ऑईलमध्ये उतरतं. ऑईल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळसर थर दिसला तर तो याचाच. पाण्याच्या तापमानाचा काटा दहा मिनिटांत मधोमध येतो, ऑईलला त्याहून जास्त वेळ लागतो. ऑईलचं तापमान 90 अंशांवर जाऊन पंधरा मिनिटं राहिलं पाहिजे.

परत येताना शेवटच्या किलोमीटरभरात तीन-चार वेळा हलका ब्रेक लावा, म्हणजे डिस्क कोरड्या होतील. घरी सपाट जागेवर गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवून चाकाला लाकडाचा ठोकळा लावा, ओल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून ठेवू नका. बॅटरीचं व्होल्टेज रात्रभर उभ्या गाडीत 12.4 च्या खाली दिसलं तर एजीएम प्रकारच्या बॅटरीची सोय असलेला चार्जर जोडून ठेवा.

गाडी काढू नये असेही प्रसंग आहेत. पहिल्या वळवात रस्त्यावर उन्हाळाभराचं ऑईल आणि धूळ मिसळून साबणासारखा थर होतो, तो धुऊन जाईपर्यंत, म्हणजे चांगली सर होऊन गेल्यावर तासभर तरी थांबा. रात्रीच्या झडीतही थांबा, कारण पाण्याने भरलेला खड्डा दिव्यांच्या उजेडात सपाट रस्त्यासारखाच दिसतो. 35 प्रोफाईलच्या, म्हणजे बुटक्या भिंतीच्या टायरला रिम वाचवण्याइतकं रबर नसतं.

प्रश्न : गाडीवर ट्रॅकचे सेमी-स्लिक टायर आहेत. नक्षी अजून दिसते. पंक्चरवाला म्हणाला, पावसात हवा चार-पाच पीएसआय कमी ठेवा, पकड वाढते. तसं करावं का? (रुईकर कॉलनी)

अजिबात करू नका. हा समज आपल्याकडे फार पसरला आहे आणि तो धोक्याचा आहे. वाळूत किंवा चिखलात हवा कमी करतात. डांबरावर टायरचं काम पाणी पिळून बाहेर काढणं हे असतं, आणि ते दाबाने होतं. पाण्याच्या जाड थरावर टायर पूर्ण उचलला जाण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतो. ढोबळ हिशेबाने 32 पीएसआयला तो ताशी 94 किलोमीटर येतो, 26 पीएसआयला 85. म्हणजे हवा कमी करून तुम्ही वेगातली ताशी नऊ किलोमीटरची मुभा घालवली. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर दिलेला आकडा ठेवा, आणि तोही टायर थंड असताना मोजून. हवामान दहा अंशांनी उतरलं तर दाब साधारण दीड पीएसआय उतरतो, म्हणून मे महिन्यात भरलेली हवा जुलैत पुन्हा तपासावी लागते.

आता सेमी-स्लिकबद्दल. त्याच्या कडेला जवळजवळ खाचाच नसतात, आणि त्याचं रबर तापल्यावरच चिकट होतं. ओला रस्ता ते तापूच देत नाही. तुमच्या टायरची खाच नवीन असतानाही साध्या टायरपेक्षा उथळ होती, त्यामुळे ‘नक्षी अजून दिसते’ यावर विसंबू नका. खोली मोजायचं गेज थोडक्या पैशांत मिळतं. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर आहे, खाचेच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या, टीडब्ल्यूआयच्या पट्ट्या असतात त्या तेवढ्या उंचीच्या. पण पावसात 3 मिलिमीटरच्या खाली गेलेला रुंद टायर आमच्या मते गोटा झालेलाच समजावा. रुंद टायरच्या मधल्या भागातलं पाणी कडेपर्यंत यायला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून 305 मिलिमीटर रुंदीचा टायर 205 च्या टायरआधी तरंगतो. फॉर्म्युला वनचा भर पावसाचा टायर 300 च्या वेगात सेकंदाला 85 लिटर पाणी बाजूला सारतो, तो त्याच्या खोल खाचांच्या जोरावर.

मागचे टायर आधी मोजा. इंजिनचा जोर मागच्या चाकांवर येणाऱ्या गाडीत तेच लवकर झिजतात, आणि पुढचे-मागचे मापाने वेगळे असल्याने अदलाबदलही होत नाही. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ते सावरता येतं. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते. बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी कोडही बघा, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेल्या टायरवर नक्षी पूर्ण असली तरी रबर कडक झालेलं असतं, ओल्यात ते घसरतं.

जून ते सप्टेंबर साधे परफॉर्मन्स टायर चढवा आणि सेमी-स्लिक कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने फोर्ड मस्टँग घेतली आहे. श्रावणात मित्रांबरोबर गगनबावड्याला जायचं म्हणतो. ऐकणार तर नाहीच. निदान काय सांगून पाठवू? (कदमवाडी)

ताई, आधी त्याला जायचा दिवस बदलायला सांगा. गगनबावडा जिल्ह्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागात येतो. रविवारी गर्दी, धुकं आणि रस्त्यावर उतरलेला तांबडा चिखल एकत्र येतात. मधल्या वारी सकाळी निघावं आणि दुपारी परत फिरावं. पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट उतरायचा बेत असेल तर घाट खुला आहे का, दरड आली आहे का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.

गाडीत बसल्यावर पहिलं काम म्हणजे ड्राइव्ह मोड ‘स्नो/वेट’वर लावणं. त्यात ॲक्सिलरेटर मवाळ होतो. चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल कोणत्याही कारणाने बंद करायचं नाही. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांवर, आणि पुढच्या मानाने मागे वजन कमी, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त पडला की मागचा भाग बाहेर फेकला जातो. ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असताना. वळणात पाय स्थिर. स्टिअरिंग सरळ होऊ लागलं की मगच थोडा-थोडा जोर. स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलने एकदम दोन गिअर खाली टाकणं टाळावं, मागची चाकं क्षणभर अडकतात आणि परिणाम हँडब्रेक ओढल्यासारखाच होतो. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र लुकलुकलं तर पकड संपत आल्याची ती सूचना आहे, लगेच वेग उतरवावा.

त्याला एक हिशेब जरूर दाखवा. ताशी 80 च्या वेगात कोरड्या डांबरावर नुसत्या ब्रेकने गाडी थांबायला साधारण 32 मीटर लागतात. पकड निम्मी झाली की 63. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी 22 मीटर जातात ते वेगळेच. पुढच्या गाडीपासून चार सेकंदांचं अंतर ठेवायला सांगतात ते याच हिशेबाने. पुलांच्या जोडावरची लोखंडी पट्टी, पेव्हर ब्लॉक आणि झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे यांवर ना वळायचं, ना जोर द्यायचा. शेतातून ट्रॅक्टर रस्त्यावर चढतात तिथे चिखल असणारच.

प्रश्न : रस्त्यावर पाणी साचलं असेल तर किती खोलपर्यंत गाडी घालावी? आणि आमचं पार्किंग तळघरात आहे. (नागाळा पार्क)

तळ दिसत नसेल तर घालूच नये. या गाड्यांची जमिनीपासूनची उंची 11 ते 14 सेंटिमीटर असते, म्हणजे घोट्याच्या जरा वर पाणी आलं की ते थेट तळाला लागतं. हवा आत घेण्याचं तोंड बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमागे खाली असतं. समोरून येणाऱ्या ट्रकची लाट तेवढी उंच सहज येते. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये कपभर पाणी गेलं तरी वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. बरंच नुकसान त्या दुसऱ्या प्रयत्नात होतं. इग्निशन बंद करा, गाडी न्यूट्रलला टाकून पाण्याबाहेर ढकला आणि दोरीने टोचन न लावता फ्लॅटबेडवर चढवून न्या. गॅरेजमध्ये प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी काढतात, ऑईल आणि एअर फिल्टर बदलतात, मगच चालू करतात. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ची जोड लागते. नूतनीकरणाच्या वेळी ती घ्या.

तळघराबद्दल स्पष्ट सांगतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला. तुम्ही इशाऱ्याची वाट पाहू नका. पातळी 35 फुटांवर गेली आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की त्याच दिवशी गाडी विद्यापीठाच्या बाजूला, उंचावरच्या ओळखीच्या घरी नेऊन ठेवा. तळघरात पाणी नाल्यातून आणि गटारातूनही उलटं चढतं, नदी दारात यायची गरज नसते.

प्रश्न : पोर्शे बॉक्स्टरचं उघडणारं छत नवीन आहे, तरी ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा ओला होतो. (राजारामपुरी)

छताचा दोष नसावा. छतावरून आलेलं पाणी मागच्या बाजूच्या नळ्यांतून खाली जातं. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत उतरतं. छत अर्धं उघडून दोन्ही बाजूंची छिद्रं शोधा, गवत कापायच्या यंत्रातली मऊ नायलॉनची दोरी हलकेच फिरवा आणि ग्लासभर पाणी ओतून ते मागच्या चाकापुढे पडतं का बघा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळीचा जोड आतल्या आत निसटतो. हे आज करा. 986 मध्ये, म्हणजे पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये, लॉक आणि इमोबिलायझरचं मॉड्यूल सीटखाली, गालिच्याच्या पातळीवर असतं. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही. गालिचा नुसता वरून पुसून भागत नाही, खालचा फोम उचलून पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळवा.

प्रश्न : ओली गाडी आणून कव्हर घातलं तर चालेल? आणि टाकी भरलेली ठेवावी की रिकामी? (मंगळवार पेठ)

ओल्या गाडीवर कव्हर कधीही घालू नये. ओल आत कोंडते, कव्हरखाली राहिलेली बारीक रेती रंगावर ओरखडे काढते. आधी चाकांच्या कमानीतला चिखल साध्या पाण्याच्या धारेने काढा, मग बॉडी धुऊन मायक्रोफायबरने टिपा, आणि दोन तास वाऱ्यावर राहू द्या. कव्हर हवा खेळणारं असावं, प्लास्टिकचं नको.

टाकी भरलेली ठेवा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्या उसातूनही बनतं, पण दमट हवेतली ओल ते शोषून घेतं. टाकीत पेट्रोलवर जितकी मोकळी हवा कमी, तितकी ओल कमी.