लॅपटॉपवर पर्कोलेशन, खाणीवर चिरा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहात, रत्नागिरीत राहता, हाताशी फक्त लॅपटॉप आहे. स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्समधल्या प्रकल्पासाठी आयझिंग मॉडेल (चुंबकत्वाचं साधं गणिती प्रारूप) घेऊ का, असं विचारलंय. आयझिंग चांगलंच आहे, पण माझं मत पर्कोलेशनला, म्हणजे जाळीतली घरं यदृच्छया उघडत गेलं की आरपार सलग वाट कधी होते या प्रश्नाला. त्यात ना ऊर्जा, ना तापमान, तरी फेज ट्रान्झिशनचं, म्हणजे एका टप्प्यावर अवस्था एकदम बदलण्याचं, मर्म सगळं आहे. शिवाय त्याचा नमुना तुमच्याकडे दारातल्या जांभ्या दगडाच्या गडग्यात (कुंपणाच्या भिंतीत) मिळतो.

सुरुवात चौरस जाळीपासून करा. बाजू ३२, ६४, १२८, २५६ अशी वाढवत न्या. घरं यादृच्छिक क्रमाने, चिठ्ठ्या काढाव्यात तशी, एकेक उघडत जा, उघडे शेजारी युनियन-फाइंडने (गट जोडण्याच्या आणि ओळखण्याच्या झटपट संगणकीय रीतीने) एका गटात जोडा आणि वरची कड खालच्या कडेला कधी जोडली जाते ते टिपा. न्यूमन आणि झिफ यांची २००० सालची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. दर वेळी जाळी नव्याने भरण्याचा वेळ वाचतो. मोठ्या जाळीत ५९.२७ टक्के घरं उघडली की आरपार वाट होते; हा झाला उंबरठा. लहान जाळीत हा बदल पसरट दिसतो. बाजू दुप्पट केली की त्याची रुंदी साधारण १.६८ पटीने घटते. हा आकडा तुमच्या स्वतःच्या आलेखातून निघेपर्यंत पुढे जाऊच नका. माहीत असलेलं उत्तर जो प्रोग्रॅम देत नाही, त्याच्या नव्या उत्तरावर कोण विश्वास ठेवणार?

मग त्रिमितीत या. साध्या घन जाळीत हाच उंबरठा ३१.१६ टक्क्यांवर येतो, कारण वाटेला वळसा घ्यायला आणखी एक दिशा मिळते. म्हणजे ४० टक्के घरं उघडी असतील तर पाणी आरपार जाईल, पण तीच जाळी कापून एक तोंड पाहिलंत तर त्यावर सलग वाट दिसणार नाही. खाणीवर ताजा कापलेला चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, बघा. भोकं सुटी सुटी, काहींत पिवळट माती भरलेली. तरीही सड्यावरचा (कातळाच्या पठारावरचा) पाऊस त्या जांभ्यातून मुरून पायथ्याच्या झऱ्यांना लागतोच.

खरा प्रश्न इथून पुढे आहे. जांभ्यातली भोकं वेड्यावाकड्या नळ्यांसारखी असतात, एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. कापलेल्या तोंडाचे फोटो काळे-पांढरे करा, दोन बिंदूंमधला सहसंबंध (एका जागी भोक असेल तर दुसऱ्या जागीही असण्याचा कल) अंतरानुसार मोजा, तसाच सहसंबंध असलेली त्रिमितीय जाळी रचा आणि उंबरठा किती सरकतो ते काढा. उभ्या आणि आडव्या तोंडांचे आकडे वेगळे ठेवा, सरासरीत मिसळू नका. एक सावधगिरी मात्र हवी: सहसंबंध सारखा असूनही दोन रचनांची जोडणी वेगळी असू शकते. म्हणून एका चिऱ्याचे पातळ काप ओळीने काढून घ्या, त्यांची चित्रं एकावर एक रचा आणि खरी जोडणी तुमच्या जाळीशी ताडून पाहा.