अमेरिकेनं 1898 मध्ये साम्राज्य उभारलं, असं म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिका स्वतःच एकेकाळी ब्रिटिशांची वसाहत होती, 1898 ची लढाईही तिनं क्युबाला स्पेनच्या जाचातून सोडवायला केली, मग तिला ब्रिटन-फ्रान्सच्या पंगतीला बसवणं चुकीचं नाही का?

माझ्या मते अजिबात चुकीचं नाही. लढाई कशासाठी झाली यावर आपण फार अडकून पडतो. हाती आलेल्या मुलखाचं आणि तिथल्या माणसांचं पुढे काय केलं ते बघा.

लढाईचं निमित्त बहुतेकांना ठाऊक असतं. 15 फेब्रुवारी 1898 ला हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली आणि वर्तमानपत्रांनी स्पेनच्या नावानं रान उठवलं. (हा स्फोट बहुधा जहाजातल्याच कोळशाच्या आगीमुळे झाला, असा निष्कर्ष 1976 मध्ये खुद्द अमेरिकी नौदलाच्या अ‍ॅडमिरलनं केलेल्या तपासातून निघाला.) पण भूक आधीपासूनची होती. वाफेच्या जहाजांना वाटेत कोळसा भरून घ्यावा लागे. चीनच्या बाजारापर्यंत पोचायचं तर पॅसिफिकमध्ये हक्काची बंदरं हवीत, हा विचार नौदलात आणि राजकारण्यांत जोर धरत होता. 1893 च्या मंदीनंतर कारखानदारांनाही तो पटू लागला.

त्याच 1893 मध्ये हवाईत गोऱ्या ऊसमळेवाल्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी राणी लिलिउओकलानीला गादीवरून उतरवलं. अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक तेव्हा होनोलुलूत उतरलेले होते. 1897 मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर 21 हजारांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. मूळ हवाईयन होतेच जेमतेम 40 हजार! सिनेटमध्ये तहासाठी लागणारं दोन-तृतीयांश बहुमत जमेना, तेव्हा जुलै 1898 मध्ये लढाईच्या धामधुमीत साध्या बहुमताचा ठराव करून हवाई घेतलं.

स्पेनच्या ताब्यातल्या फिलिपिन्सची राजधानी मनिला, तिथली हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण 'मुक्ती'चा दावा तिथे उघडा पडतो. 1 मे ला अमेरिकी नौदलाच्या कमोडोर ड्यूईनं मनिलाच्या उपसागरात स्पॅनिश आरमाराचा फडशा पाडला, पण शहर घ्यायला त्याच्याकडे फौज नव्हती. जमिनीवर लढले ते स्पेनविरुद्ध बंड करणाऱ्या एमिलियो आग्विनाल्दोचे फिलिपिनी. आग्विनाल्दोला हाँगकाँगहून अमेरिकेच्याच जहाजानं आणलं होतं. 12 जूनला त्यानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि त्याच्या लोकांनी मनिलाला वेढा घातला. मग अमेरिकी पलटणी येऊन पोचल्या आणि बेल्जियमच्या वाणिज्यदूतामार्फत ड्यूई आणि स्पॅनिश गव्हर्नर यांच्यात गुपचूप ठरलं: अमेरिकेनं थोडा भडिमार करायचा, स्पेननं अब्रू राखण्यापुरता प्रतिकार करून शरण यायचं, आणि फिलिपिनी सैन्याला शहराच्या आत येऊ द्यायचं नाही. 13 ऑगस्टला जवळपास तसंच घडलं. वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर आदल्याच दिवशी सह्या झाल्या होत्या. पण ड्यूईनं समुद्राखालची तार मे महिन्यातच कापून ठेवल्यामुळे मनिलात कुणाला पत्ता नव्हता.

डिसेंबरात पॅरिसच्या तहानं अमेरिकेनं 2 कोटी डॉलर मोजून फिलिपिन्स घेतलं. वेढा घालणाऱ्यांचा एकही प्रतिनिधी त्या वाटाघाटींत नव्हता. 4 फेब्रुवारी 1899 ला कालचे मित्र एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. या युद्धात अमेरिकेचे 4 हजारांवर आणि फिलिपिन्सचे सुमारे 20 हजार सैनिक गेले. उपासमार आणि पटकी धरून सामान्य माणसं दोन लाखांच्या घरात गेली, असा अंदाज सहसा दिला जातो. एवढं होऊन शाळेच्या पुस्तकांत या युद्धाला दोन ओळी मिळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता क्युबा. 'आम्ही क्युबा घेणार नाही' हा शब्द अमेरिकी संसदेनं युद्धाआधीच दिला होता आणि तो कागदावर पाळलाही. पण 1901 मध्ये प्लॅट दुरुस्तीच्या अटी क्युबाच्या राज्यघटनेत घालायला लावल्या: परक्या सत्तांशी करार करण्यावर बंधन, कर्ज काढण्यावर बंधन, अमेरिकेला फौज घुसवण्याचा हक्क, आरमारी तळासाठी जागा. ग्वांतानामो तिथूनच आलं. 1802 च्या वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाची गादी राहिली आणि मोकळीक गेली, तीच ही तऱ्हा.

आणि प्वेर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातलं हे बेटही स्पेनकडून त्याच पॅरिसच्या तहात अमेरिकेकडे आलं. तिथून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात अधिकाऱ्यानं 659 डॉलर 35 सेंट शुल्क लावलं. डाउन्स नावाच्या व्यापाऱ्यानं ते भरलं आणि दावा ठोकला: प्वेर्तो रिको अमेरिकेचंच असेल तर घरच्या मालावर जकात कसली? राज्यघटना तर सगळीकडे एकसारखं शुल्क सांगते. मे 1901 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 5 विरुद्ध 4 मतांनी व्यापाऱ्याला हरवलं. बेट अमेरिकेच्या मालकीचं आहे, पण राज्यघटनेच्या या कलमापुरतं अमेरिकेचा भाग नाही, असा निकालाचा आशय. न्यायमूर्ती ब्राउन यांनी निकालपत्रात 'परक्या वंशांच्या' लोकांना अँग्लो-सॅक्सन तत्त्वांनी चालवणं काही काळ अशक्य ठरू शकेल, असंही लिहिलं. जमीन हवी, माणसं बरोबरीची नकोत, हे इतक्या उघडपणे न्यायालयाच्या कागदावर आलेलं आहे. माझ्यासाठी 'साम्राज्य होतं का' हा प्रश्न तिथेच मिटतो.

फिलिपिन्स 1946 मध्ये स्वतंत्र झालं, हवाई 1959 मध्ये राज्य झालं. प्वेर्तो रिकोच्या लोकांना 1917 मध्ये नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहून आजही राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 8 विरुद्ध 1 मतांनी सांगितलं की गरीब वृद्ध आणि अपंगांना मिळणारी केंद्राची एक मदत तिथल्या रहिवाशांना नाकारली तरी चालेल. त्या निकालाशी सहमत असूनही न्यायमूर्ती गॉर्सच यांनी स्वतंत्र टिपण जोडलं: डाउन्सच्या खटल्यासारखे 1901 चे ते जुने निकाल वांशिक समजुतींवर उभे आहेत आणि ते रद्द व्हायला हवेत. ते अजून रद्द झालेले नाहीत.