शेजारच्या कारल्यामुळे दोडकी कडू होतात का?

नाही, कारल्याचा यात काही दोष नाही. दोडक्याचा आणि कारल्याचा संकर होतच नाही. राखलेल्या बियांची दोडकी कडू निघाली, तर संशय घ्यावा तो कुंपणावरच्या रानटी कडू दोडक्यावर. बडोद्याच्या आसपास तो पावसाळ्यात आपसूक उगवतो आणि आपल्या दोडक्याचाच सख्खा भाऊ, त्यामुळे परागकण सहज चालतात. गिलकं, म्हणजे इथल्या बाजारातलं गलकं, ही मात्र वेगळी जात. तरी दोन्हींची गुणसूत्रं २६च, म्हणून संकर होतो, पण क्वचित: गिलक्याचं फूल पहाटे उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी. हे वनस्पतिशास्त्र शिकवताना दरवर्षी वेलावर दाखवते.

लक्षात घ्या, परक्या परागाने यंदाच्या फळाची चव बदलत नाही. बदल बियांत जातो आणि पुढच्या वेलावर दिसतो. बी राखायचं असेल तर मादी कळी संध्याकाळ व्हायच्या आत पिशवीत बांधा, उमलली की त्याच वाणाच्या नरफुलाचे पराग हाताने लावा आणि पुन्हा बांधून टाका. बी विकतचं असेल तर मात्र उन्हाचा-पाण्याचा ताणही कारण असू शकतो. काहीही असो, कडूजहर दोडकं खाऊ नका, उलट्या-जुलाब होतात. शिजवूनही तो कडूपणा जात नाही.