उरलेल्याचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : अर्थमिती आणि आर्थिक आकडेवारी

प्रश्न : मॅडम, एम.ए.ला अर्थमिती सक्तीची आहे. गणित मी शाळेतच सोडलं. पुस्तक उघडलं की मॅट्रिक्स अंगावर येतात. हा विषय म्हणजे सांख्यिकीच ना, नाव तेवढं वेगळं? – एक विद्यार्थिनी

उत्तर : बरीचशी सांख्यिकीच, पण एका मोठ्या अडचणीसकट. शेतीचा संशोधक दोन वाफ्यांत दोन वेगळी खतं घालून पीक मोजतो. अर्थतज्ज्ञाला एकाच देशात, एकाच वर्षी, व्याजदर वाढवून आणि न वाढवून बघता येत नाही. जे घडून गेलं त्याचे आकडे हाती येतात आणि त्यातून कशामुळे काय झालं, हे सोडवत बसावं लागतं. या सोडवण्याच्या रीती म्हणजे अर्थमिती. आजच्या अर्थाने हे नाव रूढ केलं नॉर्वेच्या रॅग्नर फ्रिश यांनी, १९२६ साली. १९३० मध्ये इकॉनॉमेट्रिक सोसायटी निघाली, १९३३ मध्ये तिचं नियतकालिक. अर्थशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल १९६९ साली फ्रिश आणि यान टिनबर्गेन या अर्थमितीवाल्यांनाच मिळालं.

मॅट्रिक्स तूर्त बाजूला ठेवा आणि पेन्सिल घ्या. पाच माणसं आहेत, सगळी माझ्या मनातली. त्यांची शिक्षणाची वर्षं ८, १०, १२, १४, १६. तासाची मजुरी, कुठल्याही चलनात, अनुक्रमे २०, २६, २५, ३३, ३६. शिक्षणाची सरासरी १२, मजुरीची २८. प्रत्येक जण सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा. शिक्षणात : –४, –२, ०, २, ४. मजुरीत : –८, –२, –३, ५, ८. समोरासमोरचे आकडे गुणून बेरीज करा : ३२ + ४ + ० + १० + ३२ = ७८. शिक्षणाच्या फरकांचे वर्ग करून बेरीज करा : ४०. आता ७८ भागिले ४०, म्हणजे १.९५. झालं तुमचं पहिलं रिग्रेशन! शिक्षणाच्या एका वर्षामागे मजुरीत १.९५ चा फरक. रिग्रेशन म्हणजे या पाच ठिपक्यांमधून जाणारी, शिक्षणावरून मजुरीचा अंदाज देणारी रेषा. ती कुठून सुरू होते? २८ मधून १२ गुणिले १.९५ वजा करा, ४.६ येतात.

ही किमान वर्ग पद्धत. लजांद्र यांनी ती १८०५ साली छापली. गाऊस यांनी १८०९ मध्ये सांगितलं, की आपण ती १७९५ पासूनच वापरतोय. त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं.

आता तिसऱ्या माणसाकडे बघा. तो १२ वर्षं शिकलाय. रेषा म्हणते त्याला २८ मिळायला हवेत, त्याला मिळतात २५. उरले उणे ३. पाचही जणांचं असं उरलेलं काढा : –०.२, १.९, –३, १.१, ०.२. बेरीज शून्य. विद्यार्थ्यांचे डोळे १.९५ वर खिळतात, माझे त्या उणे ३ वर. हा माणूस मागे का? तब्येत बरी नसेल, कालच कामाला लागला असेल, शिकला असेल पण नावापुरता. आपण जे जे मोजलं नाही ते सगळं या उरलेल्यात जाऊन बसतं. पुढच्या सगळ्या विषयाचा झगडा या उरलेल्याशीच आहे.

प्रश्न : शिक्षणाचं एक वर्ष वाढलं की उत्पन्न इतके टक्के वाढतं, असं लेखांमधून वाचतो. माझा धाकटा भाऊ शाळा सोडून धंद्यात पडला आणि आज माझ्यापेक्षा जास्त कमावतो. मग हे आकडे खरे कसे? – एक नोकरदार

उत्तर : तुमचा भाऊ रेषेच्या वर आहे, तुम्ही बहुधा खाली. त्याने रेषा खोटी ठरत नाही. पण तुमची शंका वेगळ्या कारणाने रास्त आहे.

जो जास्त शिकतो तो बहुतेकदा आधीपासूनच चिकाटीचा असतो, घरची परिस्थिती बरी असते, ओळखीपाळखी असतात. या गोष्टींनी शिक्षण वाढतं आणि कमाईही वाढते. आपण त्या मोजल्या नाहीत, म्हणजे त्या उरलेल्यात आहेत, आणि शिवाय शिक्षणाशी त्यांचं साटंलोटं आहे. अशा वेळी १.९५ मध्ये चिकाटीचं श्रेयही शिक्षणाच्याच खात्यावर जमा होतं.

यातली खरी मेख अशी. वरच्या उदाहरणात शिक्षणाचे फरक आणि उरलेलं यांचा गुणाकार करून बघा : ०.८ – ३.८ + ० + २.२ + ०.८. शून्य! दर वेळी शून्यच येणार, कारण ही पद्धत उरलेलं शिक्षणापासून सोडवूनच आपल्या हातात ठेवते. म्हणजे चिकाटीचा घोळ आहे की नाही, हे त्या आकड्यांकडे कितीही टक लावून बघितलं तरी कळायचं नाही. आकडे जन्मले कसे, हे बाहेरून माहीत करून घ्यावं लागतं.

जोशुआ अँग्रिस्ट आणि ॲलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये यावर एक तोड काढली. अमेरिकेत शाळाप्रवेश साधारणपणे जन्मवर्षावर ठरायचा, आणि शाळा सोडायची मुभा मात्र ठरावीक वाढदिवसाला, बऱ्याच राज्यांत सोळाव्या, मिळायची. जानेवारीत जन्मलेलं मूल वर्गात वयाने मोठं. म्हणजे त्याचा सोळावा वाढदिवस आधी येतो आणि ते थोडं कमी शिकून बाहेर पडू शकतं. जन्माचा महिना काही कुणी चिकाटीने मिळवत नाही. त्यांनी जनगणनेतले तीन लाखांहून अधिक पुरुष घेतले. १९३० च्या दशकात जन्मलेल्यांमध्ये पहिल्या तिमाहीतल्यांचं शिक्षण सुमारे ०.१ वर्षाने कमी भरलं आणि कमाई सुमारे १ टक्क्याने कमी. १ ला ०.१ ने भागा : वर्षाला १० टक्के. साध्या रिग्रेशनने ७ च्या आसपास येत होते. चिकाटीचं श्रेय काढून घेतल्यावर आकडा खाली यायला हवा होता, तो उलट वर गेला!

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. वर्गात चार-पाच वर्षं त्याच उत्साहाने शिकवला. मग १९९५ मध्ये बाउंड, जेगर आणि बेकर यांनी त्याला टाचणी लावली. त्यांनी खऱ्या जन्मतिमाहीच्या जागी संगणकाने चिठ्ठ्या टाकून काढलेल्या खोट्या तिमाह्या घातल्या, आणि काही समीकरणांत उत्तरं तरीही जवळपास तशीच आली. ०.१ वर्ष हा धागा इतका बारीक, की त्यावर टांगलेल्या डझनावारी समीकरणांचं वजन त्याला पेलत नव्हतं. जन्मतिमाहीसारखी, चिकाटीशी संबंध नसलेली पण शिक्षण थोडं हलवणारी गोष्ट म्हणजे साधनचल. ती शिक्षणाला इतकं कमी हलवत असेल तर आम्ही तिला कमकुवत साधनचल म्हणतो. पुढे २०१३ मध्ये बकल्स आणि हंगरमन यांनी दाखवलं, की हिवाळ्यात जन्मलेल्या मुलांच्या आयांमध्ये किशोरवयीन, अविवाहित आणि कमी शिकलेल्यांचं प्रमाण जास्त असतं. घरची परिस्थिती मागच्या दाराने जन्माच्या महिन्यातही शिरलेलीच होती!

म्हणून ती कल्पना टाकाऊ ठरली का? मुळीच नाही. २०२१ च्या नोबेलमध्ये अँग्रिस्ट यांचा वाटा होता, तो घडून गेलेल्या गोष्टींतून प्रयोग शोधायच्या याच रीतीसाठी. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर शिक्षणाने कमाई वाढते याबद्दल मला शंका नाही. ‘इतके टक्के’ मात्र कुणाबद्दलचे, ते विचारत जा. वरचा १० टक्क्यांचा आकडा फक्त सक्ती होती म्हणून थोडं जास्त शिकलेल्यांचा आहे. आपणहून डॉक्टरेटपर्यंत गेलेल्यांचा तो नाही.

प्रश्न : प्रकल्पात मी दोन मालिका घेतल्या, चाळीस वर्षांच्या. आर-वर्ग ०.९७ आला. मार्गदर्शकांनी नुसतं ‘हं’ म्हटलं. माझं काय चुकलं? – एक संशोधक विद्यार्थी

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचं ‘हं’ मला इथपर्यंत ऐकू आलं. आर-वर्ग म्हणजे एका मालिकेच्या चढउतारांतला किती हिस्सा रेषेने टिपला; ०.९७ म्हणजे जवळपास सगळाच.

१९२६ साली उडनी यूल यांनी इंग्लंड आणि वेल्सचे १८६६ ते १९११ चे आकडे घेतले. एकूण लग्नांपैकी इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये लागलेल्या लग्नांचं प्रमाण एकीकडे, मृत्युदर दुसरीकडे. सहसंबंध ०.९५. म्हणजे चर्चमध्ये लग्नं लावायचं थांबवा आणि अमर व्हा! दोन्ही आकडे त्या काळात आपापल्या कारणांनी घसरत होते, एवढंच. काळाबरोबर एकाच दिशेने सरकणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात.

१९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी याहून बोचरी गोष्ट दाखवली. त्यांनी संगणकावर परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन-दोन मालिका बनवल्या, झिंगलेल्या माणसाच्या पावलांसारख्या : पुढचं पाऊल कुठेही, पण निघायचं जिथे आहे तिथूनच. मग रिग्रेशन केलं. नेहमीच्या चाचणीने चारपैकी साधारण तीनदा ‘संबंध आहे’ असा निर्वाळा दिला. त्यांची एक खूण लक्षात ठेवा. डर्बिन-वॉटसनचा आकडा सांगतो, की या वर्षीचं उरलेलं मागच्या वर्षीच्या उरलेल्यासारखंच आहे का : २ च्या आसपास असेल तर नाही, शून्याजवळ असेल तर फारच. आर-वर्ग त्या आकड्यापेक्षा मोठा आला, तर दाल में काला नव्हे, दाळच काळी. तुमच्या निकालाच्या तक्त्यात तळाशी तो आकडा असेल. माझी पैज ०.५ च्या खाली.

आता दोन्ही मालिकांत या वर्षातून मागचं वर्ष वजा करा आणि त्या फरकांचं रिग्रेशन करा. आर-वर्ग ०.०५ वर आला तर वाईट वाटून घेऊ नका, तोच जास्त खरा असेल. मात्र दोन मालिका भटकत असूनही एकमेकींपासून फार लांब जात नसतील, तर नुसती वजाबाकी करून तुम्ही मोलाची माहिती फेकून द्याल. त्याला सहसमाकलन म्हणतात. ग्रेंजर यांना २००३ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. ते ओळखायचं कसं? रेषेनंतर उरलेल्याचा आलेख काढा. तो शून्याभोवती घुटमळतो की भटकत सुटतो ते बघा, आणि मग रीतसर चाचणी करा.

प्रश्न : पी-व्हॅल्यू ०.०५१ आली. एखादं निरीक्षण वगळलं तर ०.०४८ होते. वगळू का? – नाव नको

उत्तर : नको. आणि नाव का नको, ते तुम्हालाही ठाऊक आहे. पी-व्हॅल्यू म्हणजे खरा संबंध काहीच नसताना निव्वळ योगायोगाने इतका मोठा परिणाम दिसण्याची शक्यता; ती ०.०५ च्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या, खाली आली की निकाल ‘लक्षणीय’ म्हणायची प्रथा आहे. ०.०५१ तशीच लिहा, शेजारी प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो ते, लिहा. परिणाम केवढा आहे आणि तो कुणाला जाणवेल इतका तरी आहे का, हेही लिहा. ५ टक्क्यांची रेघ सांख्यिकीतज्ज्ञ फिशर यांनी १९२५ मध्ये सोय म्हणून सुचवली होती.

प्रश्न : सुरुवात करायला सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? एक्सेलवर भागेल का? – एक निवृत्त वाचक

उत्तर : ग्रेटल घ्या. फुकट आहे, मेनूवर क्लिक करत शिकता येतं. हात बसला की ‘आर’ (R) नावाचं सॉफ्टवेअर, तेही फुकट. एक्सेल बेरीज-वजाबाकीला चांगलं, पण त्यात तुम्ही काय केलं याचा माग राहत नाही. राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढीवरचा निबंध जगभर गाजला. २०१३ मध्ये हर्नडन, ॲश आणि पोलिन यांनी त्यांची फाइल उघडली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देश निवडायचेच राहिले होते. इतर आक्षेप धरून, कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के भरली. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी फाइल मागितल्यावर दिली, म्हणून तरी चूक सापडली.

माझी चूक नोकरीच्या पहिल्याच वर्षातली. एका पाहणीची फाइल मला दिली होती, कमाई आणि शिक्षण. मी रिग्रेशन केलं, शिक्षणाचा परिणाम जवळजवळ शून्य! श्रमाच्या बाजारात शिक्षणाला किंमत का उरली नाही, यावर मी दोन पानं लिहिली. चांगली लिहिली होती. ज्येष्ठ सहकारी बाईंनी ती वाचलीच नाहीत. त्यांनी शिक्षणाच्या रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा काढायला लावला आणि विचारलं, “हे नव्व्याण्णव वर्षं शिकलेले गृहस्थ कोण?”

पाहणी करणाऱ्यांनी ‘उत्तर दिलं नाही’ यासाठी ९९ लिहिलं होतं. संकेतांच्या यादीत, शेवटच्या पानावर, ते छापलेलंही होतं. वरच्या पाच जणांत असा एक सहावा घालून बघा : शिक्षण ९९, मजुरी बरोबर सरासरीइतकी, २८. शिक्षणाची सरासरी आता २६.५ होते. वरची बेरीज ७८ च राहते, पण खालची ४० ची ६३४७.५ होते. १.९५ चे ०.०१२ झाले. एका माणसाने!

माझ्या फाइलमध्ये असे साठ-सत्तर गृहस्थ होते. ते काढून टाकले आणि मी लगेच पुन्हा लिहायला बसले, तर बाई म्हणाल्या, “थांब. शिक्षण किती, हे सांगायला नको म्हणणारी माणसं बाकीच्यांसारखीच असतील का?” त्यांची कमाई वेगळी काढून बघितली. इतरांपेक्षा बरीच कमी होती. पुढचा आठवडा त्यातच गेला.