नकाराचं पत्र कोणी लिहिलं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मी 47 वर्षांची, साताऱ्यात एका बँकेत अधिकारी आहे. मार्चमध्ये बढती आली, पण नागपूरला. मी नाकारली. घर, सासूबाई (तशा हिंडत्याफिरत्या आहेत), यांचं जेवणखाण. मुलगा पुण्यात होस्टेलला असतो. हे फार समजूतदार आहेत, नकाराचं पत्रसुद्धा यांनीच टाईप करून दिलं, मी फक्त सही केली. काही वर्षांपासून मी लाओत्से, च्वांगत्से, कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंतांना वाचते. 'पुरेसं कशाला म्हणायचं हे ज्याला कळलं तो श्रीमंत' हे लाओत्सेचं वाक्य ओट्यासमोरच्या टाइल्सवर चिकटवलंय. तरी माझ्या जागी गेलेल्या ज्युनिअरचे नागपूरचे फोटो पाहिले की रात्री झोप लागत नाही. शाखेजवळ दोन खोल्या परवडणाऱ्या भाड्यात मिळत होत्या, तेही आठवत राहतं. कन्फ्यूशियस कर्तव्य करायला सांगतो, लाओत्से हाव सोड म्हणतो. मी दोघांचंही ऐकलं. मग मन शांत का नाही? माझ्यातच समाधान कमी आहे का?"

ताई,

'मी फक्त सही केली.' तुमच्या पत्रात माझे डोळे या चार शब्दांवर अडकले ते अडकलेच. यांच्या समजूतदारपणाचा दाखला म्हणून तुम्ही ते लिहिलंत. मला वाचून संताप आला. बायकोची बढती नाकारणारं पत्र नवरा टाईप करतो आणि सहीसाठी पुढ्यात ठेवतो, हा समजूतदारपणा कुठला? बँकेत रोज पत्रव्यवहार करणाऱ्या बाईला चार ओळी लिहिता येत नव्हत्या? येत होत्या. पण तुम्ही लिहायला बसला असतात, तर दुसऱ्या ओळीवर हात थांबला असता. यांना ते माहीत असावं.

आता तुमच्या चिनी गुरूंकडे येते, कारण त्यांना तुम्ही नाहक साक्षीला उभं केलंय.

च्वांगत्सेच्या नकाराची गोष्ट तुम्ही वाचली असणारच. तो पू नदीच्या काठी मासे धरत बसला होता. चू राज्याच्या राजाने दोन अधिकारी पाठवले, राज्याचा कारभार तुमच्यावर सोपवायचाय म्हणून. त्याने गळ हातातच ठेवला, मान वळवली नाही. म्हणाला, तुमच्याकडे म्हणे एक पवित्र कासव आहे, मरून 3,000 वर्षं झालीत, राजाने ते कापडात गुंडाळून पेटीत घालून पूर्वजांच्या मंदिरात ठेवलंय. त्या कासवाला काय आवडलं असतं? मरून हाडांची पूजा करून घेणं, की जिवंत राहून चिखलात शेपूट ओढत फिरणं? अधिकारी म्हणाले, चिखलात फिरणं. मग निघा, तो म्हणाला, मीही चिखलातच बरा.

या गोष्टीतून सगळे एवढंच उचलतात की मोठं पद नाकारणारा तो शहाणा. पण नाकारलं कोणी, ते बघा ना. निरोप त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला, उत्तर स्वतःच्या तोंडाने दिलं, आणि नकार दिल्यावर त्याला हवं होतं ते सगळं त्याच्याकडे शिल्लक राहिलं: नदी, गळ, मोकळा दिवस. तुमच्याकडे काय राहिलं? मी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. नागपूरला गेल्याने सुटेल आणि ज्यावाचून तुमचा जीव तळमळेल, अशी एकही गोष्ट त्यात नाही. सासूबाई हिंडत्याफिरत्या, मुलगा होस्टेलला. राहता राहिलं यांचं जेवण. त्यासाठी लाओत्सेला वेठीला धरू नका.

लाओत्सेचं जे वाक्य तुम्ही भिंतीवर लावलंय, ते त्याच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या 33व्या प्रकरणातलं आहे. जेमतेम काही ओळींचं प्रकरण आहे ते. त्याची सुरुवात होते अशी: दुसऱ्यांना ओळखतो तो हुशार, स्वतःला ओळखतो तो खरा जागा. आणि तुमच्या वाक्याच्या लगेच पुढे येतं की जो नेटाने पुढे जातो त्याच्यापाशी इच्छाशक्ती आहे. तुम्ही मधली ओळ तेवढी कापून घेतलीत. स्वतःला न विचारता 'मला पुरे आहे' म्हणणाऱ्याला लाओत्से श्रीमंत म्हणत नाही.

कन्फ्यूशियसवर तर तुम्ही उघड अन्याय केलाय. त्याच्या परंपरेत बाईने आधी बापाचं, मग नवऱ्याचं, मग मुलाचं ऐकावं असं लिहून ठेवलेलं आहे, आणि त्या नावाखाली चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या बायका दाबल्या गेल्या. आपल्याकडे मनूनेही तेच केलं. ते मला मुळीच मान्य नाही आणि त्या भागापुरतं त्याचं ऐकू नका. पण हा माणूस पद नको म्हणणाऱ्यांतला नव्हता. पन्नाशी उलटल्यावर, योग्य राजा भेटेल आणि काम करायला मिळेल म्हणून, तो आपलं लू राज्य सोडून सुमारे 14 वर्षं दारोदार फिरला. झीगोंग या शिष्याने त्याला एकदा विचारलं, माझ्यापाशी उत्तम जेड (मौल्यवान दगड) असेल तर पेटीत जपून ठेवू की चांगला भाव बघून विकू? कन्फ्यूशियस म्हणाला, विक, विक! मीही गिऱ्हाइकाचीच वाट बघतोय.

च्वांगत्सेचं कासव आणि कन्फ्यूशियसचं जेड. एकाने पद नाकारलं, दुसरा पदासाठी वणवण फिरला, आणि बंद पेटी मात्र दोघांनाही नको होती. तुम्ही दोघांची पुस्तकं वाचून त्याच पेटीत जाऊन बसलात, हे मला बघवत नाही.

आणि समाधान कमी आहे का म्हणून स्वतःला कोसताय, ते थांबवा. कन्फ्यूशियसचा लाडका शिष्य यान हुई अरुंद गल्लीत राहायचा, टोपलीभर भात आणि भोपळ्यातलं पाणी यावर दिवस काढायचा, आणि त्याचा आनंद तसूभरही उणा व्हायचा नाही. गुरूने त्याचं तोंड भरून कौतुक केलं. पण यान हुईला ओढ होती ती शिकण्याची, आणि ते त्याच्यापासून कोणी काढून घेतलं नव्हतं. त्याच गुरूचा झीगोंग व्यापारात पैसा कमवत होता, राजदरबारी शिष्टाई करत होता. त्याला गुरूने गल्लीत जाऊन राहायला सांगितलं नाही. तुम्ही यान हुई नाही आहात. तुम्हाला शाखा चालवायची आहे. ज्या बाईला अजून त्या दोन खोल्यांचं भाडं आठवतंय, तिने मनातल्या मनात सामानही लावून झालेलं असतं.

कन्फ्यूशियसचं आणखी एक वचन आहे: सैन्याचा सेनापती हिरावून नेता येतो, पण साध्यातल्या साध्या माणसाची इच्छा हिरावून घेता येत नाही. तुमची कोणी हिरावली नाही, ताई. तुम्ही सही करून दिलीत.

म्हणून या रविवारी जेवणाच्या टेबलावर, सगळे घरात असताना, स्वतःच्या हाताने प्रादेशिक कार्यालयाला पत्र लिहा: कौटुंबिक कारणाने बढती नाकारली होती, ते कारण आता उरलेलं नाही, पुढच्या यादीसाठी माझा विचार व्हावा. आधी चर्चा नको, परवानगी नको. यांनी वाचायला मागितलं तर पाकीट बंद केल्यावर सांगा काय लिहिलंय ते. चिडतील, चार दिवस बोलणार नाहीत. त्या चार दिवसांत त्यांना कुकर लावायला शिकवा, डाळ-तांदळाचे डबे कुठे आहेत ते दाखवा. पुढच्या खेपेला नागपूर मिळेलच असं नाही. चंद्रपूर आलं तर चंद्रपूरला जा.