नदीचे मूळ, पाण्याचे कूळ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका वाचक भगिनींनी पृथ्वीवरील पाण्याविषयी चार प्रश्न पाठवले आहेत. चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्या पत्रासाठीच राखून ठेवले आहे.

प्रश्न : नातवाला घेऊन तिघरा धरण पाहायला गेले होते. हे पाणी कुठून आले, असे त्याने विचारले. धरणात सांक नदीचे, नदीत पावसाचे आणि पावसात समुद्राचे, इथपर्यंत मी सांगू शकले. समुद्रात ते कुठून आले, या प्रश्नापाशी माझे उत्तर संपले. ‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये’ असे आमची आजी म्हणत असे, पण नातवाला तसे सांगावेसे वाटले नाही. पृथ्वी आरंभी आगीचा गोळा होती म्हणतात. मग तिच्यावर पाणी टिकले तरी कसे?

उत्तर : नातवाला गप्प केले नाहीत, हे फार चांगले झाले, जेथे त्याचा प्रश्न येऊन थांबला, तेथेच आजचे अभ्यासकही काम करीत आहेत. तापलेल्या तव्यावर पडलेला थेंब चर्रकन उडून जातो, आणि पृथ्वीचेही तसेच झाले असणार असे आपल्याला वाटते. परंतु सुमारे ४५४ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी घडली तेव्हा पाणी केवळ तिच्या पाठीवर नव्हते. वितळलेल्या खडकात, खोलवरच्या प्रचंड दाबाखाली, पाणी विरघळून राहू शकते, आणि तो शिळारस निवू लागला की ते वाफेच्या रूपाने बाहेर पडते. आजही ज्वालामुखीतून निघणाऱ्या वायूंत बहुधा सर्वांत मोठा वाटा वाफेचाच असतो. ही वाफ पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाने धरून ठेवली आणि पृष्ठभाग पुरेसा थंड झाल्यावर तिचाच पाऊस होऊन सागर भरले. हे फार लवकर घडले असावे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक सापडले आहेत आणि त्यांतील सर्वांत जुने सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत. त्यांतल्या ऑक्सिजनच्या घडणीवरून असे दिसते की ज्या शिळारसातून हे स्फटिक घडले, त्यात पाण्याशी संपर्क आलेला खडक वितळलेला होता.

प्रश्न : धूमकेतूंनी पृथ्वीवर पाणी आणले, असे पूर्वी वाचले होते. आता ते मत मागे पडले आहे काय?

उत्तर : बरेचसे मागे पडले आहे, आणि ते कशामुळे पडले हे समजून घेण्याजोगे आहे. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, त्याला ड्यूटेरियम म्हणतात. आपल्या समुद्राच्या पाण्यात साधारणपणे दर ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतो. सूर्यमालेच्या निरनिराळ्या भागांत घडलेल्या पाण्यात हे प्रमाण निरनिराळे असते, म्हणून पाण्याच्या कुळाची ओळख त्यावरून पटवता येते. १९८६ मध्ये जिओटो या यानाने हॅले धूमकेतूजवळून जाताना मोजले, तेव्हा तेथे हे प्रमाण समुद्राच्या सुमारे दुप्पट निघाले. २०१४ मध्ये रोझेटा यानाने चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को धूमकेतूपाशी मोजले, तर ते तिपटीहूनही अधिक आले. मात्र त्यापूर्वी, २०११ मध्ये, हार्टले-२ या धूमकेतूचे प्रमाण समुद्राशी जवळजवळ जुळले होते. आणि रोझेटाच्या नोंदींची २०२४ मध्ये पुन्हा छाननी झाली, तेव्हा धूमकेतूभोवतीच्या धुळीमुळे तो आकडा फुगला असावा असे मत पुढे आले. त्यामुळे धूमकेतूंचा दावा पूर्णपणे निकालात काढता येत नाही, इतकेच.

समुद्राशी अधिक चांगला मेळ बसतो तो कार्बनयुक्त अशनींचा, म्हणजे मंगळापलीकडील लघुग्रहांपासून तुटून आलेल्या काळसर दगडांचा. असाच एक दगड ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावी पडला. हे दगड ओले नसतात, पण त्यांच्यातील चिकणमातीसारख्या खनिजांच्या रचनेतच पाणी बांधलेले असते, आणि त्या जातीच्या काही अशनींत ते वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भरते.

तरीही मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते २०२० मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेले काम. एन्स्टाटाइट जातीचे अशनी सूर्याच्या जवळ, उष्ण भागात घडलेले, म्हणून ते कोरडे समजले जात. पृथ्वी ज्या द्रव्यापासून घडली त्याच्याशी त्यांचे सर्वाधिक साम्य आहे. या संशोधकांनी तसे तेरा अशनी तपासले, तेव्हा त्यांत अपेक्षेहून पुष्कळ अधिक हायड्रोजन सापडला, तोही आपल्या पाण्याशी जुळणाऱ्या घडणीचा. संपूर्ण पृथ्वी अशा दगडांची बनली असे धरले, तर आजच्या सागरांच्या किमान तिप्पट पाणी तिच्या मूळ खडकातूनच मिळू शकते. हे अशक्य वाटत असेल तर सागरांचे वजन लक्षात घ्यावे : पृष्ठभागाचा ७१ टक्के भाग व्यापूनही ते पृथ्वीच्या एकूण वजनाच्या सुमारे सव्वाचार हजारावा भागच आहे. एवढ्या थोड्या पाण्यासाठी सगळा भार बाहेरच्या पाहुण्यांवर टाकण्याची गरज उरत नाही. बरेचसे पाणी घरचेच असावे आणि काही मागाहून लघुग्रहांनी आणले असावे, असे मला आजच्या पुराव्यावरून वाटते.

प्रश्न : शिवपुरी जिल्ह्यात ढाला येथे प्राचीन उल्कापाताचे विवर आहे असे समजले. आपल्या भागातील पाणी त्या उल्केने आणले असेल काय?

उत्तर : विवर खरे आहे. त्याचा व्यास सुमारे ११ किलोमीटर असून तो आघात २५० ते १७० कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान केव्हातरी झाला. म्हणजे सागर भरून दीडशे कोटींहून अधिक वर्षे लोटल्यावर. शिवाय हिशेब करून पाहा. एक किलोमीटर व्यासाचा अशनी धरला आणि त्यात वजनाच्या दशांशाइतके पाणी मानले, तरी ते घन किलोमीटरच्या आठव्या भागाएवढेच होते. सागरांचे पाणी सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर आहे, तेव्हा असे हजार कोटींहून अधिक अशनी लागतील. लघुग्रहांनी जो काही वाटा दिला असेल, तो पृथ्वी घडत असतानाच, याहून कितीतरी मोठ्या पिंडांनी दिला असला पाहिजे. नातवाला ढाला अवश्य दाखवा, पण तिघऱ्याच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडू नका.

प्रश्न : हे पाणी हळूहळू अवकाशात निघून जात आहे काय?

उत्तर : जात आहे, पण अत्यल्प. पृथ्वीवरून सेकंदाला सुमारे तीन किलो हायड्रोजन निसटतो आणि त्या गतीने सागर आटायला पृथ्वीच्या आजवरच्या वयाच्या शेकडो पट काळ लागेल. याचे श्रेय हवेतील थंड थराला आहे. वर चढणारी वाफ दहा-पंधरा किलोमीटरवर गोठून खाली परतते, त्यामुळे सूर्याचे अतिनील किरण जेथे पाण्याचे रेणू फोडतात तेथवर ती फारशी पोहोचतच नाही. शुक्राला हे साधले नाही. तेथे उरलेल्या वाफेत ड्यूटेरियमचे प्रमाण आपल्याकडील प्रमाणाच्या शंभरपटीहून अधिक आहे, कारण हलका हायड्रोजन आधी निसटला आणि जड मागे राहिला.