परदेशात शिकताना मित्रांबरोबर स्वयंपाक करून राहणं कसं असतं? स्वयंपाक येत नसेल तर निभतं का?

निभतं, आरामात निभतं. या प्रश्नात खरं तर तीन गोष्टी आहेत: अभ्यास सांभाळून रोज रांधायला वेळ मिळतो का, स्वयंपाक येत नसेल तर चालतं का, आणि एकत्र जेवणाऱ्यांत भांडणं होतात का. पहिल्या दोन्हींचं उत्तर हो. तिसऱ्याचंही हो, पण ती चवीवरून होत नाहीत, खरकट्या भांड्यांवरून होतात. कुठल्या देशात चालला आहात ते लिहिलेलं नाही, म्हणून मी माझ्या आखेनचं सांगते. जर्मनीचं पार पश्चिमेचं टोक, पलीकडे लगेच नेदरलँड्स आणि बेल्जियम. मी तिथे मास्टर्स केलं. मूळची सोलापूरची, त्यामुळे शेंगाचटणीचा उल्लेख पुढे येणारच.

आधी पैशाचं बोलू, कारण बहुतेकांना ओट्यापाशी आणून उभा करतो तो पैसाच. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात (हा आकडा २०२४च्या सप्टेंबरपासूनचा), आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. खोलीभाडं आणि आरोग्यविमा त्यातूनच जातो. उरलेल्यात रोज बाहेर जेवणं बसत नाही. दुपारी मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खाणावळ, असते. तिथे विद्यार्थ्यांना स्वस्तात पोटभर मिळतं, शाकाहारीही असतं. पण ते उकडलेले बटाटे आणि क्रीमचा सॉस आठवडाभर खाल्लात की शुक्रवारी आपोआप वरणभाताचा कुकर लागतो.

दिवस साधारण असा जातो. सकाळी लेक्चर, दुपारी मेन्झा, मग लायब्ररी किंवा हिवीचं काम. हिवी म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली तासांवर करायची विद्यार्थ्यांची नोकरी. २०२४पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आधी ही मर्यादा १२० होती. संध्याकाळी सातच्या सुमारास सगळे घरी. डिसेंबरात सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो, त्यामुळे सातला मध्यरात्र झाल्यासारखी वाटते. अशा वेळी एकट्याने आपल्या खोलीत ब्रेडला चीज लावून खाणं फार वाईट. मला विचाराल तर एकत्र स्वयंपाकाचा खरा फायदा पैशाचा नाही, हाच आहे. कोणीतरी तुमची वाट बघत कांदा चिरत बसलेलं असतं.

आमच्या वसतिगृहाच्या मजल्यावर एक सामायिक स्वयंपाकघर होतं. प्रत्येकाला फ्रिजमध्ये एक कप्पा आणि एक कुलपाचं कपाट. मजल्यावर दहाबारा जण, पण एकत्र जेवणारे आम्ही चौघं: मी, एक पुण्याची, एक नागपूरचा आणि एक विजयवाड्याचा. चार हा आकडा बरा असं माझं ठाम मत आहे. सहा झाले की सगळ्यांची वेळ जुळत नाही, आणि दोघंच असले की एक आजारी पडला तर दुसऱ्याचा स्वयंपाकाचा उत्साहही मरतो.

नागपूरकराला आला तेव्हा चहाखेरीज काही येत नव्हतं. स्वयंपाक न येणाऱ्याला आपण सहसा कांदा-लसूण सोलायला बसवतो, आणि तो वर्षभर तेवढंच करत राहतो. तसं करू नका. त्याला एक अख्खं काम देऊन टाका, दुसऱ्या कोणी त्यात हात घालायचा नाही. आम्ही त्याला कणीक दिली. पहिल्या काही वेळा पोळ्यांचे पापड झाले, ते आम्ही आमटीत कुस्करून खाल्ले. पुढे त्याची कणीक आमच्या सगळ्यांपेक्षा मऊ व्हायला लागली, मग तो स्वतःहून लाटायला बसला. विजयवाड्याचा भात लावायचा, आणि भाताचं प्रमाणही त्याचंच चालायचं, कारण आपल्याला पोळीबरोबर मूठभर भात पुरतो हे त्याला कधीच पटलं नाही.

आता भांडी. आमचा नियम एकच होता: शिजवणारा घासत नाही, आणि घासणारा त्याच रात्री घासतो. ‘भिजत घातलंय’ हे कारण मान्य नाही. सामायिक स्वयंपाकघरात भिजत घातलेली कढई दोन दिवस सिंकमध्ये बसते, तिसऱ्या दिवशी मजल्याच्या ग्रूपवर तिचा फोटो येतो आणि खाली कोणीतरी अतिशय सभ्य जर्मनमध्ये विचारतं की ही कोणाची. भिंतीवर सफाईच्या पाळ्यांचा तक्ता लावलेला असतो, त्याला पुट्सप्लान म्हणतात. तो शोभेचा कागद समजू नका, तिथली माणसं तो खरोखर वाचतात. कचऱ्याचेही वेगवेगळे डबे असतात: वेष्टनं पिवळ्यात, कागद निळ्यात, साली-देठं ओल्या कचऱ्यात.

हिशेबाला स्प्लिटवाइज, म्हणजे खर्च वाटून घ्यायचं ॲप, वापरा. किराणा चौघांत सारखा. चिकन, अंडी आणि बिअर खाणाऱ्या-पिणाऱ्यांच्या नावावर. आमच्यात पुण्याची पूर्ण शाकाहारी, तिचा तवा आणि उलथनं वेगळं, हे पहिल्याच दिवशी ठरलं. अशा गोष्टी पहिल्या दिवशी बोलायला संकोच वाटतो, पण महिन्यानंतर बोललं तर ते गाऱ्हाणं वाटतं.

खरेदी शनिवारीच करायची. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, कायद्यानेच. आखेनवाल्यांना एक पळवाट आहे: बसने सीमेपलीकडे व्हाल्स नावाच्या डच गावात जायचं, तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. दुधासाठी देश बदलायची मजा थोड्याच जणांच्या वाट्याला येते. जाताना रिकाम्या बाटल्या मात्र पिशवीत कोंबू नका. जर्मन बाटल्यांची अनामत जर्मनीतच परत मिळते, प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट. महिनाअखेर त्या बाटल्यांतून कोथिंबीर निघते, असं आमचा नागपूरकर म्हणायचा.

इंडियन स्टोअरवर सगळं अवलंबून ठेवू नका, महाग पडतं. तिथून कणकेची दहा किलोची पिशवी, पोहे, तूरडाळ, हिंग आणि कढीपत्ता एवढंच आणायचं. बाकी आपला किराणा जर्मन नावांनी तिथल्या फळ्यांवर बसलेलाच असतो. ‘रोटे लिन्झन’ म्हणजे मसूरडाळ, कुठल्याही साध्या दुकानात. ‘किशरएर्बझनमेल’ म्हणजे बेसनच. उपम्याला ‘हार्टवाइत्सनग्रीस’ घ्या, तो कडक गव्हाचा रवा असतो आणि मोकळा होतो. त्याच्या शेजारचा ‘वाइशवाइत्सनग्रीस’ घेतलात तर उपम्याची खीर होईल. ताक ‘बुटरमिल्श’ नावाने मिळतं, त्याची कढी झकास होते. भेंडी, पुदिना, कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या आणि पोत्याने कांदे तुर्की दुकानात.

पिठाचं जरा नीट सांगते, कारण पोळीचं सगळं गणित तिथे बिघडतं. जर्मन पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर मागे उरणारी राख, म्हणजे त्यातले क्षार, शंभर ग्रॅमला किती मिलिग्रॅम, तो हा आकडा. आकडा लहान तेवढं पीठ पांढरं. ४०५ म्हणजे जवळपास मैदा, त्याची पोळी गार झाली की चामट. पूर्ण गव्हाचं ‘फोलकोर्न’ घेतलं तर त्यातला कोंडा भरड, पोळी लाटताना कडा फाटतात. इंडियन स्टोअरला जायला जमलं नाही तर १०५० घ्या, कोमट पाण्यात जरा सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. खाण्यासारखी पोळी होते.

फुलका मात्र विसरा, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं, कारण शेगडी विजेची, वर काचेचा सपाट पत्रा, ज्योत नाहीच. त्यावर उपाय आहे. तारेची छोटी जाळी मिळते, पायांवर उभी राहणारी. शेजारची शेगडी पूर्ण तापवायची, जाळी ठेवायची, तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजलेली पोळी तिच्यावर टाकायची. टम्म फुगते. गोल बुडाची कढई मात्र त्या काचेवर नुसती डोलत राहते, तापत नाही. भांडी सपाट बुडाचीच हवीत.

आणि तूप. युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला मांस किंवा दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आईने दिलेली तुपाची बरणी आणि पेढे दोन्ही त्यात येतात. पण त्याचं दुःख करायचं कारण नाही. तिथे अडीचशे ग्रॅमच्या लोण्याच्या वड्या मिळतात. त्यात ‘झाउअररामबुटर’ लिहिलेली घ्या. ती विरजलेल्या सायीची असते, आपल्या लोण्यासारखी, म्हणून तिचं तूप घरच्यासारखं लागतं. मंद आचेवर ठेवा. आधी फेस येतो, कडकड आवाज होतो, मग आवाज हळूहळू कमी होतो आणि तळाला बेरी तांबूस दिसायला लागते. विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, म्हणून बेरी नुसती पिवळसर असतानाच बंद करा, पुढचं काम उरलेली आच करते. एका वडीचं साधारण दोनशे ग्रॅम तूप निघतं. बेरीवर साखर घालून कोणी खायची, यावर आमच्यात खरोखरची वादावादी व्हायची.

श्रीखंडाची सोय तर भारतापेक्षा चांगली. ‘क्वार्क’ नावाचं जे मिळतं तो जवळजवळ तयार चक्काच. ४० टक्के लिहिलेला घ्या, बिनसायीचा खडूसारखा लागतो. फडक्यात रात्रभर फ्रिजमध्ये टांगला की झालं. आमच्या पाडव्याला मजल्यावरचे जर्मन ते पुरीला सोडून नुसतंच वाटीवाटीने खायचे, खाऊ द्यायचे.

वासाबद्दल लोक विचारत नाहीत, पण विचारायला हवं. फोडणी देताना थंडीचं जाकीट स्वयंपाकघरात खुर्चीवर टाकू नका. ते धुतलं जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सेमिनारमध्ये तुमच्याआधी तुमची लसणाची फोडणी आत शिरते. खोलीचं दार बंद, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी, बाहेर शून्याखाली असलं तरी दहा मिनिटं. अशी हवा खेळवणं भाडेकरूकडून तिथे अपेक्षितच असतं. मिरचीचा ठसका उठेल असं काही करायचं असेल तर आधी वर छताकडे धुराचा सेन्सर कुठे आहे ते बघून ठेवा. रात्री दहानंतर शांततेची वेळ. खलबत्ता, मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या सगळं त्याआधी. दिवाळीच्या चकल्या आम्ही म्हणूनच शनिवारी दुपारी काढायचो, चौघांनी मिळून, सोऱ्या फिरवायला आळीपाळीने.

परीक्षांच्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे सगळं कोलमडतं, हे आधीच धरून चाला. तेव्हा एकच पातेलं खिचडी, दोन दिवसांची. त्या काळात कोणी पाळी चुकवली तर हिशेब काढू नका.

सामानात काय न्यायचं, एवढंच राहिलं. मसाले, लोणचं, सुक्या चटण्या. शेंगाचटणी टिकते, आणि आमच्याकडची कडक भाकरी तर महिनोनमहिने. दोन्ही घेऊन गेलात तर पहिला आठवडा, दुकानं सापडेपर्यंत, निघून जातो. लहान कुकर सपाट बुडाचा, मिसळणाचा डबा, सांडशी. लाटणं न्या, पोळपाट नको. ओटा स्वच्छ पुसून त्यावरच लाटता येतं. आणि कुकरच्या दोन जादा रिंगा घ्या, कारण कुकर तिथे मिळतो, पण आपल्या कुकरला बसणारी रिंग मिळत नाही.